फोन घेताना कॅमेरा बघता, मग ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख का नाही बघत?

तळवली (नवी मुंबई) : सणासुदीचे सेल लागले की गावात एकच विषय. “दादा, यो फोन कसा हाय?” बातम्या लिहितो म्हणून मला मोबाईलमधलंही कळतं, असा गावाचा समज आहे. विचारणारे कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती टिकते, मेमरी किती, एवढंच विचारतात. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूमध्येही बहुतेक वेळ त्यावरच जातो. पण आज त्याच फोनमध्ये आपलं बँक खातं आहे, पीक कर्जाचे मेसेज आहेत, आधारला जोडलेलं सिम आहे. फोन म्हणजे घरातली तिजोरीच झाली. मग तिजोरी घेताना नुसता रंग बघून चालेल का? कुलूपही बघायला नको?

हिंगोलीत काय घडलं?

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. लग्न ३० ऑगस्टला, जरूर या, असा मजकूर आणि खाली एक फाईल. त्यांनी फाईल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, ‘एपीके’ फाईल होती.

एपीके म्हणजे काय? अँड्रॉइड फोनमध्ये ॲप ज्या फाईलमधून बसतं ती फाईल. प्ले स्टोअरवरून ॲप घेतलं की त्याची थोडीफार तपासणी झालेली असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीकेला तशी चाळणी नसते. पत्रिका, फोटो किंवा पीडीएफ कधीच एपीके नसते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं, की समजायचं कोणीतरी आपल्या फोनमध्ये ॲप घुसवतोय.

ही फाईल वेगवेगळ्या नावांनी येते. कधी आरटीओ चलान, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी बँकेची केवायसी. २००० रुपयांचा हप्ता अडकलाय म्हटल्यावर शेतकरी फाईल उघडणारच, हे चोराला पक्कं ठाऊक आहे. ॲप बसलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला कळतो. मग “मी तर कुणाला ओटीपी दिलाच नाही” म्हणून उपयोग नसतो.

कुलूप जुनं झालं तर?

दुसरा धोका गुपचूप येतो. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडत राहतात. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष सापडला. नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. तेव्हापासून गुगल अशा दोषांची यादी आणि त्यांची दुरुस्ती नियमित काढतं. त्या दुरुस्तीलाच सिक्युरिटी अपडेट म्हणतात. पण ती तुमच्या फोनपर्यंत पोहोचवायचं काम फोन कंपनीचं. कंपनीने मॉडेलचे अपडेट बंद केले की फोन चालतो, पण कुलूप जुनंच राहतं, आणि ते कसं उघडायचं हे एव्हाना चोरांना माहीत झालेलं असतं.

माझंच सांगतो. माझ्या आधीच्या फोनची तारीख बघितली तर २०२१ ची निघाली. त्यानंतर तीन वर्षं मी त्याच फोनवरून पैसे पाठवत होतो. दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तुम्ही आत्ताच बघा. सेटिंग्जमध्ये जा, ‘अबाउट फोन’ उघडा, तिथे अँड्रॉइड व्हर्जनखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसेल. काही फोनमध्ये ती ‘सिक्युरिटी’मध्ये असते. तारीख वर्षभरापेक्षा जुनी असेल तर ‘सॉफ्टवेअर अपडेट’ दाबून बघा. काहीच येत नसेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका. गाणी आणि व्हिडिओसाठी तो ठीक आहे.

नवा फोन घेताना

दुकानात एकच प्रश्न जास्तीचा विचारा: “याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार?” स्वस्त फोन म्हणजे कमी अपडेट, असंही आता राहिलं नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ फाईव्ह-जीला ६ वर्षांचे अपडेट जाहीर झालेत. गुगलच्या पिक्सेल ८ ला ७ वर्षं आहेत, पण तो महाग. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे. आणि वर्षं मोजताना मॉडेल बाजारात कधी आलं तिथून मोजा, तुम्ही घेतलं तिथून नव्हे. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळतं, पण त्याची दोन वर्षं संपलेली असतात.

जुना फोन घेत असाल तर स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय नंबर घ्या. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल.

वेबसाईटचं काय?

गाडीच्या एचएसआरपी नंबर प्लेटसाठीही खोट्या वेबसाईट निघाल्या होत्या. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघून फसू नका. मधल्या रस्त्यात माहिती कुणी वाचणार नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. समोरचा साव आहे की चोर, ते सांगत नाही. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा.

चुकून फाईल उघडलीच तर

१. आधी फोनचं इंटरनेट बंद करा, एअरोप्लेन मोड लावा.
२. दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन करा. महाराष्ट्रात १९४५ हाही नंबर आहे. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय आपल्या शेजारी महापेलाच आहे.
३. बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. तक्रार नंबर लिहून ठेवा.
४. आलेला मेसेज आणि समोरचा नंबर यांचा दुसऱ्या फोनने फोटो काढा. ते झाल्यावरच ॲप काढा. निघत नसेल तर जाणकाराकडून फोन पूर्ण रीसेट करून घ्या.

यात वेळ महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. चूक तुमची असली तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेवर. म्हणून लाजून गप्प बसू नका.

नवा फोन कुलूप देईल, पण आपणच दार उघडलं तर कोणतंच कुलूप कामाचं नाही. आज संध्याकाळी घरातले सगळे फोन एकत्र घ्या आणि तारखा बघा. आईबाबांचा फोन आधी बघा. घरात सगळ्यात जुना फोन बहुतेक त्यांच्याकडेच असतो.