परीक्षागृहातील अदृश्य लहरी

दिनांक २८ ऑक्टोबर २०२३ रोजी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने निरनिराळ्या मंडळांतील व महामंडळांतील प्रथम दर्जा साहाय्यकांच्या जागांसाठी परीक्षा घेतली. त्या दिवशी कलबुर्गी व यादगीर येथील केंद्रांवर काही उमेदवार ब्लूटूथ उपकरणांसह पकडले गेले. त्यापूर्वी ३ ऑक्टोबर २०२१ रोजी पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ जागांसाठी झालेली परीक्षाही गैरप्रकारांमुळे सरकारला रद्द करावी लागली होती. तिची फेरपरीक्षा होण्यास २३ जानेवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. औराद, भालकी किंवा आळंदच्या एखाद्या शेतकऱ्याच्या प्रामाणिक मुलाची सव्वादोन वर्षे अशा रीतीने वाया जातात. वयोमर्यादा मात्र कोणासाठी थांबत नाही.

यास्तव पर्यवेक्षकाच्या हाती लहरी शोधणारे लहानसे यंत्र असावे, हा विचार स्वाभाविक आहे. बाजारात अशी यंत्रे विपुल आहेत. तथापि निवड करण्यापूर्वी, शोधावयाचे आहे तरी काय, हे समजून घेणे अगत्याचे होय.

कॉपीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात कानातील यंत्र ब्लूटूथवर, म्हणजे २,४०२ ते २,४८० मेगाहर्ट्झ या लहरींवर चालते. दुसऱ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढे यंत्र कानात खोल बसवलेले असते व ते कपड्यांत दडविलेल्या तारेच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्रावर चालते. ते स्वतः रेडिओलहरी सोडतच नाही. साहजिकच लहरी शोधणाऱ्या यंत्रास त्याचा पत्ता लागत नाही. मात्र दोन्ही प्रकारांत बाहेरचा आवाज आत आणण्यासाठी जवळ कोठेतरी मोबाईल असावा लागतो. संभाषण चालू असताना मोबाईल केवळ ऐकत नाही, तो मनोऱ्याकडे उलट लहरीही पाठवितो. चोर सापडतो तो येथे.

मोबाईलच्या लहरी सुमारे ७०० मेगाहर्ट्झपासून २,६०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या निरनिराळ्या पट्ट्यांत असतात. पाचव्या पिढीच्या काही लहरी ३,३०० मेगाहर्ट्झच्याही वर आहेत. म्हणून ७०० ते ३,७०० मेगाहर्ट्झ एवढा टप्पा ज्याच्या कक्षेत येत नाही, ते यंत्र या कामास अपुरे समजावे.

सर्वांत स्वस्त यंत्रात लहरीची शक्ती वाढली की दिव्यांची रांग पेटत जाते. लहर कोणती, हे ते सांगत नाही. दुसऱ्या प्रकारचे यंत्र जवळच्या सर्वांत प्रबळ लहरीचा आकडा दाखविते. पण ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारीत लहर बदलू शकते, तेथे हा आकडा स्थिर राहत नाही. तिसऱ्या प्रकारात मोबाईल व ब्लूटूथ यांच्या पट्ट्या वेगळ्या दिव्यांनी दर्शविल्या जातात. चौथ्या प्रकारात छोट्या पडद्यावर लहरींचा आलेखच उमटतो. हे शेवटचे यंत्र उत्तम खरे, परंतु आलेख वाचण्यास शिक्षण लागते. सामान्य केंद्रासाठी तिसरा प्रकार सोयीचा.

अतिसंवेदनशील यंत्र म्हणजे चांगले यंत्र, हा समज चुकीचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची तीव्रता चतुर्थांश होते. ब्लूटूथ यंत्राची शक्ती बहुधा अडीच मिलिवॅट असते. एक मीटरवरील अशा यंत्राइतकीच तीव्रता, सर्व दिशांना सारख्या लहरी सोडणारे दहा वॅटचे साधन सुमारे त्रेसष्ट मीटरवरून देऊ शकते. म्हणजे शाळेशेजारी मनोरा असेल तर यंत्र प्रत्येक बाकापाशी ओरडेल व कोणाचेच नाव सांगणार नाही. यासाठी संवेदनशीलता कमीजास्त करण्याची कळ हवी. तसेच इशारा आवाजाने न होता यंत्राच्या थरथरण्याने व्हावा. तीन तास एकाग्र बसलेल्या मुलांचे चित्त विचलित होता कामा नये.

खरेदीपूर्वी चाचणी अवश्य घ्यावी. रिकाम्या वर्गात, आजूबाजूचे मोबाईल बंद करून, यंत्र किती दिवे दाखविते ते टिपून घ्यावे. मग एका बाकावर संभाषण चालू असलेला मोबाईल ठेवून एक, दोन व पाच मीटरवरून पाहावे. त्याच मोबाईलचे संभाषण तोडून पुन्हा पाहावे. निष्क्रिय मोबाईल क्वचितच लहर सोडतो, आणि बंद केलेला तर मुळीच नाही, हे तेव्हा ध्यानात येईल. म्हणून दाराशी होणारी झडती व धातुशोधक यंत्र यांची जागा हे साधन घेऊ शकत नाही. लहरी अडविणारे जॅमर वापरणे हा तर निराळाच विषय आहे. शासनाच्या परवानगीवाचून कोणत्याही संस्थेस तो अधिकार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कमी ऐकू येणाऱ्यांची कित्येक श्रवणयंत्रेही आज ब्लूटूथवर चालतात. दिवा पेटला म्हणून समोरचा मुलगा अपराधी ठरत नाही. यंत्राचा इशारा हा पुरावा नव्हे. तो केवळ शांतपणे जवळ जाऊन पाहण्याचा संकेत आहे. खोट्या उमेदवारास पकडणे जितके आवश्यक, तितकेच खऱ्यास अपमानापासून वाचविणेही आवश्यक. यंत्र लहर ओळखते; माणूस ओळखण्याचे काम अखेर पर्यवेक्षकालाच करावे लागते.