दहा मिलिग्रॅम सोमल

कॅनडाच्या उत्तर भागात यलोनाइफ शहराला लागून जायंट माइन ही सोन्याची बंद खाण आहे. तिच्या पोटात २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी पडून आहे. आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे आपल्याकडचा सोमल. खनिज भाजलं की सोन्यासोबतचं आर्सेनिक धूर होऊन बाहेर पडायचं. १९४८ ते २००४ या काळात खाणीतून सुमारे ७० लाख औंस सोनं निघालं. दहा ग्रॅमचा तोळा धरला, तर एकेका तोळ्यामागे जवळपास अकरा किलो सोमल साठला! सुरुवातीला तर तो चिमणीतून सरळ हवेत जाई. आसपासचे डेने आदिवासी बर्फ वितळवून पाणी पीत. १९५१ मध्ये त्यांच्यातलं एक लहान मूल या विषानं दगावलं. त्या सोन्याच्या हिशेबात हे मूल पहिलं धरायला हवं.

हाच सोमल ‘एपीएल’ या रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध आहे. १९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिनच्या झांग टिंगडोंग यांनी गावठी औषधात त्याचा गुण हेरला. डोस किलोमागे रोज ०.१५ मिलिग्रॅम, शिरेतून. ६५ किलोच्या माणसाला जेमतेम दहा मिलिग्रॅम. भुकटी शुद्ध धरली, तर जायंट माइनमध्ये असे २३ लाख ७० हजार कोटी डोस आहेत. जगातल्या ८०० कोटी माणसांना रोज एक दिला, तरी आठ वर्षं पुरतील.

पण दहा मिलिग्रॅमही थोडे नव्हेत. त्यातल्या रेणूंची संख्या लिहायची तर तीनावर एकोणीस शून्यं! रक्ताच्या कॅन्सरच्या निदानावेळी शरीरात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात असं मानतात. सगळं औषध त्यांच्याकडेच गेलं, तर एकेकीच्या वाट्याला तीन कोटी रेणू येतील. एपीएलच्या पेशींमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि पेशी कायमची अर्धवट वाढलेली राहते. आर्सेनिक नेमकं त्या प्रथिनाला चिकटतं, मग पेशीच ते मोडीत काढते.

इटली-जर्मनीतल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. फार जोखीम नसलेल्या रुग्णांना केमोथेरपीऐवजी सोमल आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासूनचं औषध दिलं होतं. दोन वर्षांनी त्यांच्यातले ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता जिवंत होते. केमोथेरपीच्या गटात हा आकडा ८६ टक्के. अशा एका रुग्णाच्या संपूर्ण उपचाराला लागणारा सोमल दीड ग्रॅमही भरत नाही.