शंकरपाळ्यापाशी फुटणारी वाट

गृहकर्जाचा अर्ज बँकेत दिला की पुढे त्याचं काय होतं? कारकून एक सांगतो, अधिकारी दुसरं, आणि संगणकप्रणाली बनवणारा तिसरंच समजून बसतो. हा घोळ टाळण्यासाठी कामाचा प्रवास चित्रात मांडणारी एक सामाईक लिपी आहे, बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ साली आली, दुसरी २०११मध्ये. २०१३पासून ती आयएसओचं मानक आहे.

मुळाक्षरं मोजकीच. वर्तुळ म्हणजे घटना: बारीक रेघेचं सुरुवातीसाठी, जाड रेघेचं शेवटासाठी. गोल कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम. शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे फाटा. सलग रेघेचा बाण क्रम दाखवतो.

शंकरपाळ्यात फुली असेल तर एकच वाट धरायची: कागदपत्रं पुरी असतील तर अर्ज पुढे, नसतील तर अर्जदाराला निरोप. अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकदम सुरू होतात. एकीकडे घराचं मूल्यांकन, दुसरीकडे उत्पन्नाची पडताळणी. दोन्ही उरकल्यावर तशाच दुसऱ्या शंकरपाळ्यापाशी त्या पुन्हा जुळतात.

कोणतं काम कुणाचं, हे पोहण्याच्या तलावावरून सुचलेल्या मांडणीतून कळतं. बँक हा एक तलाव. कारकून आणि अधिकारी त्यातल्या मार्गिका. अर्जदाराचा तलाव वेगळा.

नवशिके इथेच अडखळतात. सलग बाण तलावाबाहेर जात नाही. दोन तलावांत फक्त तुटक रेघेने निरोप जातो. दुसरी नेहमीची चूक फाट्याची. शंकरपाळं स्वतः काही तपासत नाही. तपासणी आधीच्या आयतात होते, फाटा तिच्या निकालाप्रमाणे वाट दाखवतो.