गावातच राहणारा न्यायाधीश

न्यायासनावरची माणसे : लेखांक ६

अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी-शेजारी चालतात, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिले. राज्यांची न्यायालये वेगळी आणि देशाची राज्यघटना व संघराज्याचे कायदे सांभाळणारी फेडरल न्यायालये वेगळी. या फेडरल व्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे जिल्हा न्यायालय. देशभरात असे ९४ न्यायिक जिल्हे आहेत. साक्षीदार शपथ घेतो तो इथे, उलटतपासणी होते ती इथे. वरच्या न्यायालयांत अपील जाते तेव्हा सोबत मुख्यतः कागद जातात. माणसे इथेच दिसतात. या पायरीवरचे काम कसे असते ते आज एका न्यायाधीशाच्या आयुष्यातून समजून घेऊ. त्यांचे नाव फ्रँक एम. जॉन्सन.

जन्म १९१८ चा, अलाबामातल्या विन्स्टन काउंटीतला. १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटून निघाले, तेव्हा या डोंगराळ भागाने त्या फुटीला विरोध केला होता. जॉन्सन दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या आघाडीवर लढले, जखमी झाले. अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना जॉर्ज वॉलेस त्यांचे सहाध्यायी होते. पुढे वॉलेस वर्णभेदाचे कडवे समर्थक म्हणून राज्याचे गव्हर्नर झाले आणि दोघे वर्षानुवर्षे समोरासमोर उभे राहिले.

१९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जॉन्सन यांना अलाबामाच्या मध्य जिल्ह्याचे न्यायाधीश नेमले. अशी नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला मान्यता देते आणि ती तहहयात असते. पगार घटवता येत नाही; महाभियोगाखेरीज पदावरून काढता येत नाही. आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशासारखी काही वर्षांनी बदलीही होत नाही. या संरक्षणाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. न्यायाधीशाची खुर्ची हलत नाही, तसे त्याचे घरही हलत नाही. ज्यांच्या मनाविरुद्ध निकाल दिला, त्यांच्याच गावात त्याला उरलेले आयुष्य काढायचे असते.

जॉन्सन माँटगोमेरीत रुजू झाले आणि काही आठवड्यांत, १ डिसेंबर १९५५ रोजी, त्याच शहरात बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. बसबहिष्कार सुरू झाला. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी वेगळा दावा लावला, तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’. तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे तो चालला. शाळांमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता, पण बसबद्दल तसा थेट निकाल नव्हता. जॉन्सन आणि रिचर्ड राइव्ह्ज यांनी जून १९५६ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तेच तत्त्व बसला लावले. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

प्रत्येक निकाल असा टिकला नाही. टस्कीगी शहराची हद्द अठ्ठावीस बाजूंची करून जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर काढले गेले होते. शहराची हद्द ठरवणे हा राज्याचा अधिकार आहे, असे मानून जॉन्सन यांनी तो दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये त्यांचा हा निर्णय फिरवला. खालच्या पायरीवरच्या न्यायाधीशाला चूक दाखवून घेण्याची तयारी ठेवूनच काम करावे लागते.

त्यांची कामाची रीत सर्वांत स्पष्ट दिसते ती १९६५ मध्ये. ७ मार्चला सेल्मा गावच्या पुलावर मतदानहक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. मोर्चेकरी दाद मागायला जॉन्सन यांच्याकडे आले. त्यांनी आधी सुनावणी होईपर्यंत मोर्चा थांबवायला सांगितले. अनेकांना तो आदेश झोंबला. मग दोन्ही बाजूंच्या साक्षी झाल्या, हल्ल्याची दूरचित्रवाणीने टिपलेली फिल्म न्यायालयात दाखवली गेली. रोज किती चालणार, मुक्काम कुठे, याचा तपशीलवार आराखडा मोर्चेकऱ्यांनी सादर केला. १७ मार्चला निकाल आला : मोर्चा निघेल, आणि राज्याने त्याला संरक्षण द्यावे. अन्याय जितका मोठा, तितका निषेधाचा हक्क विस्तृत, हे त्यामागचे सूत्र. पण दुपदरी रस्त्यावर तीनशेहून अधिक माणसे चालणार नाहीत, ही अटही त्यातच होती. हक्काचे तत्त्व आणि रस्त्याची रुंदी, दोन्हींचा विचार एकाच आदेशात झाला. २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ मार्चला माँटगोमेरीत पोहोचला.

या निकालांची किंमत घरापर्यंत आली. त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. सुदैवाने त्या बचावल्या. घराला वर्षानुवर्षे पहारा ठेवावा लागला. तरीही जॉन्सन यांनी शहर सोडले नाही. सत्तरच्या दशकात मनोरुग्णालयांत डांबलेल्यांना उपचारांचा हक्क आहे, असा निकाल त्यांनी दिला आणि राज्यातल्या तुरुंगांची अमानुष अवस्था सुधारण्याचे आदेशही दिले. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. माँटगोमेरीतल्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला आज त्यांचे नाव आहे.

वर्तमानपत्रात बातमी येते ती बहुधा सर्वोच्च न्यायालयाची. पण बसमधून उठवलेल्या बाईचे म्हणणे समोर बसवून ऐकणारा न्यायाधीश पहिल्या पायरीवर असतो. तो घाबरला, तर वरच्या न्यायालयाकडे जाणारे दप्तरच कोरे राहते. आपल्या तालुक्याच्या न्यायालयाचे दारही सर्वांना खुले असते. वाचकांनी एखादा दिवस काढून तिथल्या बाकावर शांतपणे बसावे, एक साक्ष सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी.