जलतरण मंडळे आणि लोकसहभाग

नद्या, तळी, विहिरी आणि कालवे यांच्या काठाने वसलेल्या आपल्या देशात पोहता न येणे ही केवळ एका छंदाची उणीव नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतात ३८ हजारांहून अधिक व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात अशा मृत्यूंची संख्या सुमारे ३ लाख होती. सहा वर्षांवरील मुलांना पोहण्याची आणि सुरक्षित बचावाची मूलभूत कौशल्ये शिकविणे, हा या संघटनेने सुचविलेल्या प्रमुख उपायांपैकी एक आहे. मात्र हे शिक्षण केवळ शासकीय यंत्रणेच्या बळावर घराघरांत पोहोचणे कठीण आहे. येथेच स्थानिक जलतरण मंडळांचे आणि त्यांत विनावेतन काम करणाऱ्या नागरिकांचे महत्त्व स्पष्ट होते.

बंगालची परंपरा

या बाबतीत बंगालचे उदाहरण बोलके आहे. कोलकात्यातील कॉलेज स्क्वेअर आणि हेदुआ येथील तलावांच्या काठी जलतरण मंडळे रुजली. भर वस्तीतील या पाण्यात अनेक पिढ्या पोहायला शिकल्या. १९५१ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत शंभर मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारे सचिन नाग आणि १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई महिला आरती साहा, ही दोन्ही नावे हाटखोला जलतरण मंडळाशी निगडित आहेत. मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथी नदीच्या पात्रात ८१ किलोमीटर अंतराची स्पर्धा भरविली जाते. अशा स्पर्धेत सोबतच्या नावा, प्रथमोपचार, अन्नपाणी आणि घाटावरील व्यवस्था यांसाठी मोठे मनुष्यबळ लागते. ते पगारी नोकरांतून उभे राहू शकत नाही.

स्वयंसेवकांची कामे

मंडळात काम करण्यासाठी स्वतः निष्णात जलतरणपटू असणे आवश्यक नाही. हजेरी ठेवणे, नवागत मुलांच्या पालकांशी बोलणे, हिशेब लिहिणे, पाण्याची स्वच्छता व क्लोरीनचे प्रमाण यांची नोंद ठेवणे ही कामे कोणताही जबाबदार नागरिक करू शकतो. स्पर्धेच्या वेळी वेळनोंदणी करणारे आणि पंच लागतात. हाताने वेळ मोजताना एका मार्गिकेसाठी तीन घड्याळे वापरली जातात. दोन घड्याळांची वेळ जुळल्यास ती, आणि तिन्ही वेगळ्या असल्यास मधली वेळ ग्राह्य धरली जाते. छाती-पोहण्याच्या प्रकारात वळताना आणि शेवटी दोन्ही हातांनी एकाच वेळी भिंतीस स्पर्श झाला की नाही, हे पंच पाहतो. असे नियम थोड्या सरावाने आत्मसात होतात आणि पालकांमधूनच उत्तम पंच तयार होतात.

सद्‌भावनेला प्रशिक्षणाची जोड

पाण्याजवळ मात्र केवळ सद्‌भावना पुरेशी नसते. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी अननुभवी व्यक्तीने उडी घेतल्यास एकाऐवजी दोन जीव जाण्याचा धोका असतो. म्हणून काठी किंवा दोर पुढे करणे, तरंगणारी वस्तू फेकणे आणि त्याच वेळी मदतीसाठी हाक देणे, हा क्रम प्रत्येक स्वयंसेवकाच्या अंगवळणी पडला पाहिजे. कृत्रिम श्वासोच्छ्वास व हृदयपुनरुज्जीवनाचे प्रशिक्षणही आवश्यक आहे. ज्याच्याकडे देखरेखीचे काम आहे त्याने त्या वेळी दुसरे कोणतेही काम करू नये. कारण बुडणारे मूल अनेकदा ओरडत नाही, ते निःशब्दपणे पाण्याखाली जाते.

मुलांच्या सुरक्षिततेची दुसरीही बाजू आहे. स्वयंसेवकाची पूर्वचौकशी करणे, मुलांसोबत एकट्या प्रौढ व्यक्तीस न ठेवणे, कपडे बदलण्याच्या खोल्यांसाठी स्पष्ट नियम करणे आणि तक्रार कोणाकडे करावी हे मुलांना सांगणे, ही मंडळाची जबाबदारी होय. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करतो.

कारभार आणि समावेश

अनेक मंडळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली असतात. वार्षिक सभा वेळेवर घेणे, हिशेब सभासदांपुढे मांडणे आणि पदे ठरावीक काळाने नव्यांकडे सोपविणे, यावर मंडळाची विश्वासार्हता अवलंबून असते. जेथे तीच मंडळी वर्षानुवर्षे पदांवर राहतात, तेथे नवे हात पुढे येत नाहीत. शुल्क न परवडणारी मुले, मुली आणि अपंग व्यक्ती यांच्यासाठी राखीव वेळ ठेवल्यास मंडळ खऱ्या अर्थाने वस्तीचे होते. मुलींच्या वर्गासाठी महिला स्वयंसेविका उपलब्ध असल्यास पालकांचा संकोचही कमी होतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ मधील ठरावानुसार २५ जुलै हा दिवस याच कार्यासाठी पाळला जातो. आराखडे दिशा दाखवतात. परंतु त्यांना फळ येते ते तळ्याकाठी. आठवड्यातील दोन तास देणारे दहा-वीस नागरिक एकत्र आले, तर एका गावातील मुलांची संपूर्ण पिढी पाण्याला न घाबरता, पण त्याचा आदर राखून वाढू शकेल.