गाठीवरचा शिक्का

1905 पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचे सरकारी नाव वणी जिल्हा असे होते. इंग्रजी कागदांत त्याचे ‘वून’ झाले. हिंदुस्थानी रुईत सरकी, माती आणि पाणी मिसळलेले असते, ही त्या काळातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची जुनी तक्रार. मुंबई सरकारने 1863 मध्ये या भेसळीविरुद्ध कायदा केला. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचा ठरलेला शिक्का आणि अनुक्रमांक बंधनकारक झाला. गाठ खराब निघाली, तर प्रेसपर्यंत माग काढता येई. त्यापलीकडे, शेतापर्यंत, तो जात नसे.

आता हा माग पुढे न्यावा लागणार आहे. युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनांविषयीचा कायदा 18 जुलै 2024 रोजी अमलात आला. त्यानुसार टप्प्याटप्प्याने वस्तूंना ‘डिजिटल उत्पादन पारपत्र’ लागेल: वस्तूवरचा संकेत मोबाइलने वाचला की तिची माहिती समोर यावी. कापडासाठीचे तपशीलवार नियम 2027 च्या सुमारास करण्याचे नियोजन आहे. जबाबदारी तिथल्या बाजारात माल आणणाऱ्याची. पण तो शिवणाऱ्याला विचारेल, शिवणारा गिरणीला, गिरणी जिनिंगला.

आपल्याकडेही तयारी सुरू आहे. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या उपक्रमात आणि सीसीआयच्या गाठींवर क्यूआर कोड आले आहेत. खरी अडचण जिनिंगच्या आवारात आहे. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. म्हणजे 170 किलोच्या गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. मात्र अनेक गाड्यांचा कापूस एकाच गंजीत पडतो आणि कोणाची रुई कोणत्या गाठीत गेली, हे तिथेच हरवते.

युरोपीय कायद्यात नमुना, तुकडी किंवा नग अशा तीन पातळ्यांवर पारपत्राची सोय आहे. वणीसारख्या ठिकाणच्या जिनिंगला तुकडीची वाट झेपण्यासारखी आहे. प्रत्येक गंजीला क्रमांक द्यावा, तिच्यात पडलेल्या काटा-पावत्यांचे क्रमांक लिहावेत, आणि तिच्यातून निघालेल्या पहिल्या व शेवटच्या गाठीचा क्रमांक नोंदवावा. एक वही आणि शिस्त, एवढ्यावर सुरुवात होते. मग गाठ एका शेतकऱ्याकडे नाही, तरी ठरावीक शेतकऱ्यांच्या गटाकडे बोट दाखवू शकते.

मात्र नोंद खरी हवी. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या मानक संस्थेने 2020 मध्ये भारतातले खोटे दाखले उघड केले. त्यांच्या आड सुमारे 20 हजार टन रुई होती. संकेत कितीही आधुनिक असला, तरी आत भरलेली माहिती माणसानेच दिलेली असते.

आणि शेतकरी खरे का सांगेल? मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला परवानगी नाही, तरी ते विदर्भात पेरले जाते. 2019 मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे ते जाहीरपणे पेरले होते. अशा शेतकऱ्याला बियाण्याचा रकाना पुरावा वाटेल, पारपत्र नव्हे.

1925 च्या शिक्क्याने खरेदीदाराला खात्री दिली. नव्या नोंदीसाठी शेतकऱ्याकडून सगळी माहिती घ्यायची असेल, तर ती कोण पाहणार हे त्याला आधी सांगावे लागेल आणि त्या माहितीचा भाव काटा-पावतीवर दिसावा लागेल. नाहीतर गंजीत जे हरवते ते संगणकातही हरवलेलेच राहील.