बिल्टीची कोरी पाठ

आमच्या कासा गावी सुरतेचा कपडा महामार्गाने चारोटी नाक्यापर्यंत येतो आणि मालाआधी येते ती बिल्टी. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने साड्यांच्या चार गाठींची बिल्टी आमच्या हाती ठेवली. आम्ही एतबार करून रोख रक्कम मोजली. माल घेणाऱ्याच्या जागी ‘सेल्फ’ लिहिले होते, पाठ मात्र कोरी! गोदामातल्या मुनीमाने विचारले, “शेठ, पाठवणाऱ्याची सही कुठाय?” तिकडे त्या व्यापाऱ्याने सुरतेच्या पेढीचे पैसे थकवले होते. पेढीने माल वाटेतच रोखला, गाठी परत गेल्या आणि सणाचे दिवस आम्ही रिकाम्या फळ्यांकडे बघत काढले.

दोष आमचाच. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे, विकणाऱ्याने मालकीची रसीद रीतसर खरेदीदाराच्या नावे केली आणि त्याने ती पुढे पैसे घेऊन प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकली, तर मूळ विकणाऱ्याचे पैसे थकले तरी त्याला त्या गिऱ्हाइकाचा माल रोखता येत नाही. म्हणजे पेढीची सही त्या व्यापाऱ्याच्या नावे आणि त्याची आमच्या नावे, एवढी साखळी हवी होती. नुसता कागद हातात असणे म्हणजे हक्क नव्हे.

अशा कागदाची किंमत किती, हे आपल्याच ठाण्याच्या एका खटल्यात दिसले. ठाण्याहून दिल्लीजवळच्या ओखल्याला रेल्वेने पाठवलेल्या मालाच्या पावत्या मोरवी मर्कंटाइल बँकेने सही करून घेतल्या व त्यावर २०,००० रुपये दिले. माल मिळाला नाही. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने बहुमताने ठरवले की रेल्वे-पावती देऊन माल गहाण पडतो आणि बँक मालाची पूर्ण किंमत मागू शकते.

पण बांधवांनो, एक अडचण आहे. कायद्याच्या व्याख्येत रेल्वे-पावती नावाने आहे, ट्रकची बिल्टी नाही. धंद्याच्या रिवाजात ताब्याचा पुरावा म्हणून चालणारे इतर कागद त्यात धरले आहेत, तेवढ्याच आधारावर बिल्टीची बाजू मांडावी लागते. आणि बिल्टीवर बारीक अक्षरात ‘नॉट निगोशिएबल’ छापले असेल तर ती बाजूही लंगडी पडते. तेव्हा पैसे मोजण्याआधी चष्मा लावावा, पाठवणाऱ्या पेढीला फोन करावा, ट्रान्सपोर्टवाल्याकडून माल कोणाच्या नावे सोडणार ते लिहून घ्यावे.